खेळ आणि खेळाडू : कोरड्या गांवचे नावाडी

या सदरांत क्रिकेट, मल्लखांब किंवा बुद्धिबळ यांविषयीं कांहीं लिहावयाचें म्हटलें, कीं लेखकास थोडें जपूनच लिहावें लागतें; कारण आमच्या वाचकांच्या घरांत आजोबांपासून नातवापर्यंत प्रत्येकाजवळ त्या विषयावरचें मत तयार असतें. आज ज्या खेळाकडे वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे, त्याविषयीं मात्र सदाशिव-नारायण पेठांत कोणाचेंच कांहीं मत नाहीं, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. तो खेळ म्हणजे नौकानयनाची शर्यत. मौज ही कीं, भारतांत या खेळाचीं जीं थोडीं मुख्य ठाणीं आहेत, त्यांपैकीं एक पुण्यांतच आहे.

पुण्याचा आणि वल्ह्यांचा संबंध तसा जुना. मुळामुठेच्या कांठचा रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ सालचा. तो गोऱ्या साहेबांच्या विरंगुळ्यासाठीं निघाला, आणि आज आपल्याला ‘बोट क्लब रस्ता’ या नांवापुरताच तो ठाऊक असतो. अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब त्याहून जवळचा. संगमानजीक मुठेच्या पात्रांत संध्याकाळीं भरणारा त्यांचा ‘रेगाटा’ पाहण्यास आमच्यापैकीं पुष्कळजण मुलांना घेऊन गेले असतील. दिव्यामशालींच्या उजेडांत एका ओळींत सरकणाऱ्या त्या होड्या पाहून मन प्रसन्न होतें. पण पदवी हातीं आली कीं विद्यार्थी नोकरीच्या मागें लागतो, वल्हें पुढच्या वर्षींच्या मुलाच्या हातीं जातें, आणि नदीशीं त्याचा उरलेला संबंध म्हणजे पुलावरून जातांना नाकाला रुमाल लावण्याचा. जलपर्णीनें आणि सांडपाण्यानें आपण आपल्या नद्यांची जी दशा केली आहे, ती पाहतां या शहरांत कोणी वल्हें मारतो हेंच आश्चर्य.

तरीही मारणारे आहेत. खडकीहून दापोडीकडे जातांना लोकलगाडी मुळेचा पूल ओलांडते. दापोडीस सैन्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा विस्तीर्ण परिसर पसरलेला आहे. ‘आर्मी रोइंग नोड’ या नांवानें ओळखलें जाणारें सैन्याचें नौकानयन-केंद्र तेथेंच आहे. तेथील सरळ जलमार्गावर राष्ट्रीय स्पर्धाही झालेल्या आहेत. भारताकडून ऑलिंपिकच्या नौकास्पर्धेस गेलेल्यांपैकीं कित्येकांचे हात याच ठिकाणीं घट्टे पडून तयार झाले. आणि हे कित्येकजण आले कोठून, हें पाहूं लागलें, कीं मन चकित होतें. कोणी खलाशाचा मुलगा नाहीं, कोणी कोळ्याचा नाहीं. ज्या गांवांत पिण्याचें पाणी मिळविण्यासाठींच जिवाचें रान करावें लागतें, अशा गांवचीं हीं मुलें.

यांत अग्रभागीं नांव घ्यावयाचें तें श्री. बजरंगलाल ताखर यांचें. राजस्थानांतील सीकर जिल्ह्यांत १९८१ सालीं त्यांचा जन्म झाला. शेखावाटीचा हा मुलूख वाळूचा. नौका ही वस्तु तेथें गोष्टींतच ऐकावयाची. बजरंगलाल सैन्यांत राजपुताना रायफल्समध्यें दाखल झाले, आणि उंचापुऱ्या बांध्याच्या या जवानास वल्ह्यावर बसविण्यांत आलें. पुढचा इतिहास नोंदलेला आहे. दोहा येथील २००६ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत एकट्याच्या नौकेच्या शर्यतींत त्यांना रौप्यपदक मिळालें. २००८ सालीं बीजिंगच्या ऑलिंपिकमध्यें त्यांचा क्रमांक २१ वा लागला. आणि २०१० सालीं चीनमधील ग्वांगझू येथें त्यांनीं ७ मिनिटें ४.७८ सेकंदांत अंतर कापून सुवर्णपदक जिंकलें. आशियाई स्पर्धांत नौकानयनाचा समावेश १९८२ सालीं दिल्लीस झाला. तेव्हांपासून अठ्ठावीस वर्षांत भारताला या खेळांत मिळालेलें हें पहिलेंच सुवर्णपदक. २०१३ सालीं सरकारनें त्यांना पद्मश्री दिली.

एवढ्यावर एखाद्या खेळाडूचें चरित्र संपतें. छायाचित्र भिंतीवर लागतें, सत्कार होतात, आणि नंतर गुडघे दुखूं लागतात. बजरंगलाल यांचें चरित्र येथें संपत नाहीं, म्हणूनच तें या सदरास घेण्याजोगें आहे. ते प्रशिक्षक झाले. पण त्यांच्या या दुसऱ्या कामाची योग्यता कळावयाची, तर हा खेळ मुळांत आहे कसा, हें आधीं थोडें समजून घ्यावयास हवें.

होडी म्हटली, कीं आपल्या डोळ्यांपुढें चांगली रुंद, चारसहा माणसें सुखानें बसतील अशी नाव येते. शर्यतीची एकट्याची नौका तशी नसते. लांबी सुमारें ८ मीटर, वजन जेमतेम १४ किलो, आणि रुंदी इतकी अल्प, कीं बसणाऱ्याचें अंग तींत कसेंबसें मावतें. दोन बाजूंचीं दोन वल्हीं हाच तिचा तोल. हातांतून तीं सुटलीं, तर नौका जागच्या जागीं कलंडते. बसणारा पाठमोरा बसतो. शेवटची खूण त्याला दिसत नाहीं, आणि जो पुढें निघून गेला तोही दिसत नाहीं. दिसतात ते फक्त मागें राहिलेले. आपण हरत आहों हें त्याला समोर कोणी नसण्यावरूनच ओळखावें लागतें.

पाहणाऱ्यास वाटतें, हा दंडांचा खेळ आहे. वस्तुतः तो पायांचा आहे. आसन लहानशा रुळांवर सरकतें. पाय मुडपून पुढें यावयाचें, वल्ह्याचें पातें पाण्यांत अलगद रोवावयाचें, आणि मांड्यांच्या जोरानें पायाखालच्या फळीला रेटा द्यावयाचा; पाय सरळ होत आले कीं पाठ मागें झुकते, आणि सर्वांत शेवटीं हात छातीकडे येतात. हा क्रम बिघडला कीं जोर फुकट. शर्यतीचें अंतर २००० मीटर. मिनिटास तीस ते पस्तीस या गतीनें सुमारें सात मिनिटें हें चालतें, म्हणजे सव्वादोनशेंच्या आसपास फटकारे बसतात. तिसऱ्या-चौथ्या मिनिटास छातींत वणवा पेटतो. त्या वेळीं थांबावयाचें नसतें.

या खेळांतली सर्वांत चमत्कारिक गोष्ट तर पुढेंच आहे. नौका अधिकांत अधिक वेगानें धांवते, ती वल्हें पाण्यांत असतांना नव्हे, तर फटकारा संपून वल्हें पाण्याबाहेर आलें असतांना. नावाडी त्या क्षणीं आसनासकट पुन्हा पुढच्या फटकाऱ्याच्या जागेकडे सरकत असतो. यानें तेथें उतावळेपणा केला, तर त्याच्याच देहाचा भार नौकेला मागें ढकलतो. कमावलेली गति तो स्वतःच खाऊन टाकतो. म्हणून नवशिक्याला प्रथम शिकवावें लागतें तें जोर करणें नव्हे. जोर त्याच्याजवळ असतोच, त्यासाठींच तर त्याला निवडलेलें असतें. शिकवावी लागते ती संथपणें परत येण्याची कला. दगड फोडलेल्या किंवा नांगर धरलेल्या विशीबाविशींतल्या तरुणाला ‘हळू ये’ हें पटवून देणें किती कठीण असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

गवई उत्तम, म्हणून गुरु उत्तम असतोच असें नाहीं, हें पुण्याला कोणी सांगावयास नको. १९११ सालीं येथें भारत गायन समाज काढणाऱ्या भास्करबुवा बखल्यांसारखे दोन्ही अंगांनीं थोर असणारे विरळाच. ज्याला एखादी गोष्ट सहज येते, त्याला ती दुसऱ्यास कां येत नाहीं हें कळत नाहीं. कोरड्या गांवांतून येऊन, मोठ्या वयांत वल्हें धरून, पडत-उठत शिकलेल्या माणसास तें कळतें. बजरंगलाल यांच्या शिकवणींतली खरी ताकद तेथेंच असावी, असा आमचा तर्क आहे. एकट्याच्या नौकेंत दोन हजार मीटर काय वाटतें, हें त्यांना कोणा पुस्तकांतून काढावें लागत नाहीं. आणि पाण्याला बिचकणारा रंगरूट दिसला, तर त्या बिचकण्यानें ते बुचकळ्यांत पडत नसतील.

पाण्याला बिचकणाऱ्या रंगरूटाचें उदाहरण आपल्याच महाराष्ट्रांतलें आहे. नाशिक जिल्ह्यांत चांदवड तालुक्यांत तळेगांव रोही म्हणून गांव आहे. दुष्काळाची त्या भागाला संवय. तेथील दत्तू बबन भोकनळ हा १९९१ सालीं जन्मलेला मुलगा बापाबरोबर विहिरी खोदण्याच्या आणि दगड फोडण्याच्या कामावर जात असे. २०११ सालीं वडील वारले, आणि घराचा भार याच्यावर आला. २०१२ सालीं तो सैन्यांत शिरला, तो खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्यें. विहिरीच्या तळाशीं झरा लागला कीं आनंद मानणाऱ्या या मुलास एकदम नदीपात्रांत नौकेवर बसावयास सांगितलें, तेव्हां तो घाबरला. आपल्याला पाण्याची भीति वाटत असे, असें त्यानें पुढें स्वतःच मोकळेपणें सांगितलें. सैन्यांतील प्रशिक्षक कुदरत अली यांनीं त्याला हाताशीं धरलें. उंची होती, लांब हात होते, आणि कुदळ-पहार चालवून कमावलेली पाठ होती. बाकीचें शिकवावयाचें होतें.

शिकवणें कसें फळलें, तें पाहा. २०१५ सालीं बीजिंगच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेंत त्याला रौप्यपदक मिळालें. २०१६ च्या एप्रिलमध्यें दक्षिण कोरियांतील चुंगजू येथें झालेल्या पात्रता-शर्यतींत तो दुसरा आला, आणि रिओच्या ऑलिंपिकचें दार उघडलें. त्याच वर्षीं घरीं त्याच्या आईला अपघात होऊन डोक्यास जबर इजा झाली होती. मुलगा समोर उभा राहिला तरी ती त्याला ओळखत नव्हती. असल्या मनःस्थितींत तो रिओस गेला, आणि एकट्याच्या शर्यतींत १३ वा आला. ‘क’ गटाची अंतिम शर्यत त्यानें ६ मिनिटें ५४.९६ सेकंदांत जिंकली. तेराव्या क्रमांकाचें कौतुक तें काय, असें एखाद्या वाचकास वाटेल. परंतु वल्हें प्रथम हातीं धरल्यापासून तीनचार वर्षांत हा मुलगा तेथें पोहोंचला होता. इंग्लंड-जर्मनींतले त्याचे प्रतिस्पर्धी शाळेच्या वयापासून पाण्यावर वाढलेले असतात.

आतां एक अप्रिय प्रसंग सांगणें भाग आहे. तो टाळून पुढें जाणें बरें दिसणार नाहीं.

२०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकानयन इंडोनेशियांत पालेंबांग येथें झालें. दत्तूला एकट्याची शर्यत आणि चौघांची शर्यत, दोन्हींत उतरविलें होतें. २३ ऑगस्टला एकट्याच्या अंतिम शर्यतींत तो मध्येंच थांबला आणि शेवटचा आला; आपली प्रकृति बिघडली होती, असें त्याचें म्हणणें. दुसऱ्याच दिवशीं, २४ ऑगस्टला, स्वर्णसिंग, ओमप्रकाश आणि सुखमीतसिंग यांच्यासह त्यानें चौघांच्या शर्यतींत सुवर्णपदक जिंकलें. देशानें टाळ्या वाजविल्या. त्यानंतर २०१९ च्या मार्चमध्यें भारतीय नौकानयन महासंघानें, एकट्याच्या शर्यतींत त्यानें पुरी शक्ति लावली नाहीं असा ठपका ठेवून, त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घातली. २०२० च्या जानेवारींत ती उठविण्यांत आली, आणि त्याच वर्षीं त्याला अर्जुन पुरस्कारही मिळाला. सुवर्णपदक, बंदी आणि पुरस्कार, सर्व कांहीं दोन वर्षांच्या आंत!

शिस्तीचा कैवार घेणारे म्हणतील, खेळाडूनें शर्यत अर्ध्यावर सोडूं नये. ठीक आहे. पण देशाच्या नांवानें उतरलेल्या माणसाची त्या सकाळीं नाडी कशी होती, रात्रीं झोंप लागली होती कीं नाहीं, लागोपाठ दोन दिवस दोन शर्यती त्याच्या अंगास झेपणार होत्या कीं नाहीं, हे प्रश्न शर्यतीच्या आधींचे आहेत, नंतरचे नव्हेत. आणि ते विचारण्याचा अधिकार समितीच्या टेबलापेक्षां नदीच्या कांठावर उभ्या असलेल्या माणसास अधिक आहे. आमच्या मतें त्या मुलाला झालेली शिक्षा अवाजवी होती. ज्याच्या अंगांत थांबण्याची बुद्धि राहिली होती, त्यानें दुसऱ्या दिवशींचें पदक वांचविलें, असेंही कोणी म्हणूं शकेल. प्रशिक्षकाचें काम केवळ हुशार पोरें हुडकण्याचें नाहीं, त्यांचा देह वाचावयाचेंही आहे. ही विद्या स्वतः ती कळ सोसलेल्याला जितकी येते, तितकी दुसऱ्यास येत नाहीं. आणि जुन्या नौकापटूंना कांठावर आणून उभें करण्याचा खरा लाभ आम्हांस यांतच दिसतो.

आतां हुडकण्याविषयीं. सैन्याची रीत सरळ आहे. भरतीच्या केंद्रांत उंच, लांब हातांचे, दमाचे जवान हेरावयाचे. अर्गोमीटर नांवाच्या यंत्रावर, म्हणजे जमिनीवरच्या कोरड्या नौकेवरच म्हणा ना, त्यांना बसवून जोर आणि दम मोजावयाचा. आणि टिकतील त्यांना पाण्यावर न्यावयाचें. या रीतीनें सीकर, चांदवड, कर्नाल कोठूनही माणूस मिळतो. जात, गांव, इंग्रजी, वशिला यांपैकीं कशाचीही तेथें गरज लागत नाहीं. यंत्राचा आंकडा खोटें बोलत नाहीं. परंतु या रीतीचें वैगुण्यही उघड आहे. मुलगा हातीं येतो तो विशीच्या घरांत. संवयी पक्क्या झालेल्या, सांधे आखडलेले, आणि खेळाचीं उत्तम वर्षें मोजकींच उरलेलीं. प्रशिक्षकाला मातीऐवजीं भाजलेलें मडकें मिळतें, आणि त्यालाच आकार द्यावयास सांगतात.

येथें आमच्या घरांचा संबंध येतो. आमच्यांतील मुलें कमी उंच नाहींत. दूधतूप खाऊन, सूर्यनमस्कार घालून कित्येक चांगलीं सहा फुटांचीं झालीं आहेत. महाराष्ट्र मंडळासारख्या संस्थांनीं १९२४ पासून या शहरास व्यायामाची गोडी लावली. पोहणें तर बहुतेकांना येतें, म्हणजे जें दत्तूला नव्यानें कमवावें लागलें, तें यांना लहानपणींच मिळतें. आणि नदी दाराशीं. एवढें असून बारातेरा वर्षांचा मुलगा वल्हें मारावयास जातो म्हणाला, तर आपण प्रथम विचारतों तें दहावीच्या परीक्षेविषयीं. (मुलीनें विचारलें तर काय विचारतों, तें छापण्यासारखें नाहीं.) परीक्षेची काळजी खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पहाटे साडेपांचला नदीवर आणि साडेसातला शिकवणीस, ही ओढाताण ज्या आईबापांना रोज करावी लागेल, त्यांनाच तिची किंमत ठाऊक. पण दापोडीच्या मुलांनीं काय मोजलें, तेंही तराजूच्या दुसऱ्या पारड्यांत घालून पाहावें.

बजरंगलाल यांच्या हाताखालीं तयार झालेल्यांत सर्वांत ठळक नांव बलराज पन्वर याचें. हा हरयाणांतील कर्नाल जिल्ह्याचा, सैन्यांतलाच, आणि गुरुप्रमाणेंच एकट्याच्या नौकेचा. चीनमधील हांगझू येथें २०२३ सालीं पार पडलेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत भारतानें नौकानयनांत दोन रौप्य आणि तीन कांस्य अशीं पांच पदकें मिळविलीं; पण एकट्याच्या शर्यतींत बलराज चौथा आला, आणि पदक एका क्रमांकानें हुकलें. चौथा क्रमांक हा खेळांतला सर्वांत वाईट क्रमांक होय. पांचव्याला रात्रीं झोंप लागते.

सहा महिन्यांनीं, २०२४ च्या एप्रिलमध्यें, तो चुंगजूच्या पाण्यावर उतरला. हें तेंच ठिकाण, जेथें आठ वर्षांपूर्वीं दत्तूनें आपली जागा मिळविली होती. बलराज तिसरा आला, आणि पॅरिसच्या ऑलिंपिकला भारताचा एकमेव नौकापटु म्हणून गेला. तेथें पहिल्या फेरींत तो चौथा आला. दुसऱ्या संधीच्या शर्यतींत दुसरा येऊन उपांत्यपूर्व फेरींत पोहोंचला. आणि सर्व शर्यती संपल्यावर त्याचा क्रमांक लागला २३ वा. गुरूचा बीजिंगला २१ वा होता, दत्तूचा रिओला १३ वा.

सोळा वर्षांतील हे तीन आंकडे वृत्तपत्रांनीं एकेका ओळींत संपविले. त्यांच्यामागें सीकरची वाळू, चांदवडच्या विहिरी आणि कर्नालचीं शेतें सोडून पुण्याच्या मुळेकांठीं आलेलीं तीन माणसें आहेत; आणि त्यांपैकीं पहिला, आपलें पदक मिळवून झाल्यावरही, पुन्हा त्याच कांठावर येऊन उभा राहिला. सरकतें आसन, मुडपलेले पाय आणि ‘हळू ये’ म्हणून घातलेली हांक, यांचा पाठ त्यानें नव्या पोरांसाठीं पहिल्यापासून आरंभिला.